फौजदाराच्या मुलाखतीला जाताना



मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. नांदेडच्या नव्या मोंढ्यात हमाली करणारे एक गृहस्थ आमच्या घरी आले. पाणी प्याले, चहाला नको म्हणाले, थोडा वेळ खाली मान घालून बसले आणि मग हळूच बोलले, "भाऊ, पोराचं ग्राउंड चांगलं झालंय. लेखीबी बरी गेली म्हणतो. आता मुलाखतीचं तेवढं राहिलंय. एकजण म्हणतोय, तीन लाख द्या, मुलाखतीत बसवून देतो. घरातलं डोरलं आन् गावाकडची जागा, दोन्ही काढलं तर तेवढे होतील का, सांगा."

आम्ही विचारले, "दादा, भरती कोणती? शिपायाची का फौजदाराची?"

"शिपायाचीच की."

मग आम्ही त्यांना जे सांगितले, तेच आज सर्व वाचकांना सांगतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला मुलाखत नसते. मैदानी चाचणीचे ५० गुण आणि लेखी परीक्षेचे १०० गुण, असा १५० गुणांचा हिशोब. त्यावर यादी लागते. पुढे कागदपत्रांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी होते. कुणाच्या समोर खुर्चीवर बसून उत्तरे देण्याचा प्रकार त्यात नाही. केंद्राच्या भरतीचेही तसेच. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे आपल्या भागातली पुष्कळ मुले त्या दलांकडे वळतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून अशा खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. म्हणजे हा दलाल त्या हमाल बांधवाला कोणत्या दाराची किल्ली विकत होता? जे दार भिंतीत नाहीच, त्या दाराची!

अशी मागणी कुणी केली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फुकटचा दूरध्वनी आहे, तो फिरवावा. निदान डोरले मोडण्यापूर्वी चार शिकलेल्या माणसांना विचारावे.

मुलाखत कुठे असते?

मुलाखत असते ती पोलीस उपनिरीक्षक पदाला. ज्याला आपली वडीलधारी मंडळी अजून फौजदार म्हणतात, तो हा अधिकारी. खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत. ही थेट भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. त्यासाठी पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. आधी १०० गुणांची पूर्व परीक्षा, मग ४०० गुणांची मुख्य परीक्षा, मग शारीरिक चाचणी आणि शेवटी ४० गुणांची मुलाखत. शारीरिक चाचणी आता पात्रतेपुरती असते. तिच्यात ठरलेले किमान गुण मिळवावेच लागतात, पण ते अंतिम यादीत धरले जात नाहीत. वयाची, उंचीची आणि किमान गुणांची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्द न् शब्द वाचावी. दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये.

आम्ही पडलो कारकून आणि त्यात बी.कॉम., म्हणून आकड्यांची भाषा बोलतो. ४०० मध्ये ४० मिळविले म्हणजे ४४०. मुलाखतीचा वाटा त्यात अकरावा हिस्सा. म्हणजे लेखीत पडलेला खड्डा मुलाखतीने भरून निघत नाही. परंतु यादीच्या शेपटाकडे एकेका गुणावर माणसे आत-बाहेर होतात आणि तिथे हे ४० गुण घर उभे करतात किंवा पाडतात. म्हणून मुलाखतीला घाबरू नये आणि तिला हलकेही समजू नये.

आणखी एक हिशोब कागदपत्रांचा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि त्याला वेळ लागतो. मुलाखतीचे पत्र आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून सुरुवात करावी लागते. औसा, निलंगा भागातल्या ज्या कुटुंबांची ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरे पडली, त्यांच्यासाठी भूकंपग्रस्तांचे २ टक्के समांतर आरक्षण आहे. मुलींसाठी ३० टक्के आहे. दाखला पेटीत पडून आणि पोरगी यादीबाहेर, असे होऊ देऊ नका.

तुमचा अर्ज हीच प्रश्नपत्रिका

मुलाखत घेणाऱ्या मंडळींच्या पुढ्यात तुमची माहिती असते. तुमचे नाव, गाव, जिल्हा, शिक्षण, छंद. पहिले प्रश्न त्यातूनच निघतात. म्हणून जे खरे आहे तेच लिहावे. एका मुलाने छंद म्हणून 'वाचन' लिहिले होते. आमच्या सराव मुलाखतीत शेवटी वाचलेले पुस्तक विचारले, तर त्याला मार्गदर्शकाशिवाय दुसरे नाव आठवेना. त्यापेक्षा त्याला कबड्डी उत्तम येत होती. कबड्डी लिहिली असती तर तो अर्धा तास बोलला असता.

आपल्या पदवीला विसरू नये. बी.कॉम. झालेल्याला विचारतील, धनादेश वटला नाही तर कोणता कायदा? उत्तर आहे, परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम १३८. शेतकी झालेल्याला बोगस बियाण्यांबद्दल विचारतील. इतिहासवाल्याला विचारतील की १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत हैदराबाद संस्थानात शिरले ते भारताचे सैन्य, मग आपल्याकडचे म्हातारे लोक तिला 'पोलीस कारवाई' का म्हणतात? उत्तर असे की, भारत सरकारने हे परक्या देशाशी युद्ध मानले नाही. आपल्याच घरातला सुव्यवस्थेचा प्रश्न मानला, म्हणून पोलिसांचे नाव दिले. ज्या मातीत आपण वाढलो तिथला हा इतिहास आहे, तो मुंबईकराने आपल्याला सांगायची पाळी येऊ नये.

जिल्ह्याचा अभ्यास म्हणजे तालुक्यांची नावे पाठ करणे नव्हे. पोलिसाच्या नजरेने जिल्हा पाहावा. नांदेडला तेलंगणाची सीमा लागते, लातूरला कर्नाटकाची. देगलूर, धर्माबाद, उदगीर, देवणी इथला गुन्हेगार तासाभरात दुसऱ्या राज्यात जातो. मग हद्दीचा प्रश्न येतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला म्हणून फिर्याद घेण्याचे नाकारता येते का? येत नाही. ती घेऊन मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, तिलाच शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, देशभरातून भाविक आले. एवढ्या गर्दीला वाट कशी काढून द्यावी, याचा विचार नांदेडच्या उमेदवाराने केलेला असावा. देशाच्या गृहमंत्रिपदी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसे बसली, नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर, हेही माहीत असावे.

आणि लातूरच्या उमेदवाराला २०१६ चा उन्हाळा विचारला नाही तरच नवल. त्या मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर. तहानलेल्या माणसांवर जमावबंदी कशासाठी? घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांना पोलिसाने काय सांगायचे? ज्या मुलीने त्या उन्हाळ्यात स्वतः रांग धरली आहे, तिच्याइतके चांगले उत्तर कोणता शिकवणीवर्ग देईल? फक्त कायद्याचा आकडा बदलला आहे, तो लक्षात ठेवा. तेव्हा फौजदारी संहितेचे कलम १४४ होते, आता नव्या संहितेचे कलम १६३ आहे.

जुने आकडे विसरा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आपल्या वाचनालयातली जुनी पुस्तके प्रेमाने जपा, पण मुलाखतीसाठी त्यांवर विसंबू नका. दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. प्रथम खबरीचे कलम पूर्वी १५४ होते, आता १७३ आहे.

परंतु आकड्यांपेक्षा अर्थ महत्त्वाचा. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच लिहिले आहे. एरवी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊनच करावी लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचा तपास उपनिरीक्षक करील काय, असा फसवा प्रश्न हमखास येतो. १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करीत नाही. पण गुन्हा नोंदवून घेणे, जखमीला दवाखान्यात पोचविणे, जागा राखणे आणि वरिष्ठांना कळविणे यात उपनिरीक्षकाची सुटका नाही.

'तुम्हाला आरक्षण कशाला हवे?' असेही कुणी विचारील. चिडू नये आणि खाली मानही घालू नये. अनुच्छेद १६ चे चौथे कलम काय म्हणते ते शांतपणे सांगावे. मैदानावरचे अंतर आणि गोळ्याचे वजन जात पाहून कमी होत नाही, हेही सांगावे.

विहारातली सराव मुलाखत

आम्ही काही मंडळी महिन्यातून दोनदा नांदेडला आणि एकदा लातूरला, वंदना झाल्यावर विहारातच सराव मुलाखती घेतो. एक टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. पलीकडे बसतात एक सेवानिवृत्त हवालदार काका, एक वकील ताई आणि आम्ही. बाकीची मुले सतरंजीवर बसून ऐकतात.

लातूरला एक मुलगी आली होती. वडील गंजगोलाईत हातगाडा ओढतात. मुख्य परीक्षा पास झालेली, मैदान मारलेले. वकील ताईंनी विचारले, "पोलीस खात्यातच का यायचे?"

मुलगी घडाघडा बोलली. देशसेवेची आवड, वर्दीचे आकर्षण, समाजाची सेवा. एकही शब्द अडखळला नाही आणि एकही शब्द तिचा नव्हता.

हवालदार काकांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बाळ, हे मला रोज ऐकू येतं. तू पोलीस ठाणं पहिल्यांदा कधी पाहिलंस, ते सांग."

मुलगी गप्प झाली. सतरंजीवरची मुलेही गप्प. मग तिने सांगितले. ती नऊ-दहा वर्षांची असताना आई एक तक्रार घेऊन ठाण्यात गेली होती. सोबत ही. सकाळी गेलेल्या मायलेकी दिवे लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकलले नाही. फक्त कुणी लिहून घेतले नाही. घरी येताना आई एवढेच म्हणाली, "आपलं बोलणं कागदावर येत नाही गं."

"मला ते लिहून घेणारी व्हायचंय," मुलगी म्हणाली.

आम्ही तिघेही क्षणभर काही बोललो नाही. मग वकील ताईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि तोच महत्त्वाचा होता. "बरं, तू त्या खुर्चीत बसलीस. बाहेर बाकावर एक बाई बसली आहे. काय करशील?" मुलीला कायदा येत होता, पण तो तिने या बाकाशी कधी जोडून पाहिला नव्हता. त्या दिवशी जोडला. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, मग सही किंवा अंगठा घ्यायचा आणि प्रत फुकट द्यायची. ठाण्यात नाकारली तर फिर्यादी पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवू शकते, हेही तिला सांगायचे. हे सगळे कलम १७३ मध्ये आहे.

बंधू-भगिनींनो, आमच्या मते मुलाखतीची तयारी म्हणजे हीच. आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट आणि कायद्याचे कलम यांची गाठ मारणे. नुसती गोष्ट सांगितली तर ती रड वाटते. नुसते कलम सांगितले तर ते पाठांतर वाटते. आणि कुणाचा सूड घ्यायला वर्दी घालायची असेल, तर त्या मुलाने मुलाखतीला न गेलेलेच बरे. बाकावर उद्या कोण बसेल सांगता येत नाही. ज्याने कधीकाळी आपल्याला बाकावर बसविले, त्याचीही आई असेल. तिचीही फिर्याद तेवढ्याच टापटिपीने लिहिता आली पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न

'जमाव तुमच्याच वस्तीतला आहे. दगड येत आहेत. काय कराल?' हा प्रश्न आपल्या मुलांना विचारला जातो आणि आपली मुले इथेच चाचरतात. एक म्हणतो, 'लाठीमार करीन', कारण त्याला वाटते हेच ऐकायचे आहे. दुसरा म्हणतो, 'आपल्या लोकांवर हात उचलणार नाही'. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

११ जुलै १९९७ हा दिवस या वाचकांना नव्याने सांगायला नको. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० माणसे गेली. पुढे गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. तो अधिकारी कोणी महासंचालक नव्हता. उपनिरीक्षकाच्या दर्जाचा होता. ज्या पदासाठी आपली मुले अर्ज भरतात, त्याच पदाचा.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ उघडून पाहा. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कोण देऊ शकतो? कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी. म्हणजे एखाद्या दुपारी वरिष्ठ वाटेत असतील आणि तो हुकूम तुमच्या तोंडी येईल. म्हणून उत्तर पायऱ्यांनी द्यावे. आधी वस्तीतल्या जाणत्या माणसांशी बोलेन. जखमींना बाहेर काढीन. वरिष्ठांना आणि नियंत्रण कक्षाला कळवीन. पांगण्याचा इशारा सर्वांना ऐकू जाईल असा देईन. तरीही जीव धोक्यात असतील तर लागेल तेवढेच आणि कमीत कमी बळ वापरीन. आणि जे केले त्याची नोंद करीन. वस्ती माझी असो वा परकी, पायऱ्या त्याच. हे उत्तर देताना आवाज कापला तरी हरकत नाही. ज्याचा आवाज कधीच कापत नाही, त्याच्या हाती हुकूम देताना आम्हाला भीती वाटेल.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

कपडे स्वच्छ, इस्त्रीचे आणि अंगाला सवयीचे असावेत. कोट शिवायला कर्ज काढू नये. मराठीत उत्तर देण्यात कमीपणा नाही, आणि आपल्या बोलीचा सूर आला तर येऊ द्यावा. जे ठाऊक नाही तिथे 'माहीत नाही, सर' म्हणावे. थाप मारणारा उमेदवार चालत नाही, तसा थाप मारणारा फौजदारही चालत नाही. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आहे. त्याचा अर्थ सांगता यावा, सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त. या दोहोंत रक्षण आधी येते, हेही ध्यानात घ्यावे.

पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे बार्टी, आपल्या मुलांसाठी पोलीस भरतीचे आणि स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

आईवडिलांना एक विनंती. पोराला रोज 'कधी लागतोस?' असे विचारू नका. रात्री जेवणानंतर त्याला वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, 'तिथं तू असतास तर काय केलं असतंस?' तुम्हाला अक्षर येत नसले तरी चालेल. खरे उत्तर कोणते आणि बनावट कोणते, हे तुम्हाला पोराच्या तोंडाकडे पाहून कळते. आयोगाच्या मंडळींनाही ते तसेच कळते.

मोंढ्यातल्या त्या बांधवाने दलालाला नाही म्हणून सांगितले. डोरले घरातच आहे. मुलाची यादी हे लिहीपर्यंत लागलेली नाही. लागली तर आनंदच आहे. नाही लागली तर तो पुन्हा पहाटे मैदानावर दिसेल, असे त्याच्या वडिलांनी आम्हाला सांगितले. आणि पदवी झाल्यावर फौजदारकीला बसेल म्हणाला, तेव्हा विहारातली अलीकडची खुर्ची त्याच्यासाठी आहेच.

जयभीम!